निळ्या दाराचा फॉर्म

उड्डाणपुलाच्या चढावर विहीणबाईंना दम लागला. मापबाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. दम त्यांनाही लागला होता. पण विहिणीला आधी लागल्यामुळे त्यांना तो कबूल करावा लागला नाही.

"अजून किती घरं राहिली?" विहीणबाईंनी विचारलं.

"एकच."

"मघाशीही एकच म्हणालात."

"मघाशी अवघड घर धरलं नव्हतं."

विहीणबाई म्हणजे मापबाईंच्या लेकीच्या सासूबाई. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. कुणाच्या दारावरून चालायचं ते काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्या आज सकाळी मापबाईंबरोबर निघाल्या होत्या. निघताना देवापुढे हात जोडताना त्यांनी गुडघ्यांपुरतं मागितलं होतं. आता त्यात छातीचंही घालायला हवं होतं, असं त्यांना वाटायला लागलं.

मापबाईंचा धंदा पडदे शिवून देण्याचा. खाली टायरवाला, वर यांची एक लांबट खोली. खोलीत कापडं कापायचं टेबल, भिंतीला टेकवलेले तागे, आणि गळ्यात मोजपट्टी घालून फिरणाऱ्या या. ती पट्टी त्यांच्या गळ्यात इतकी मुरली होती की लेकीच्या लग्नातल्या अर्ध्या फोटोंत ती आहे. विहीणबाईंच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मुलांच्या संसाराविषयी बोलता बोलता त्यांनी समोरच्या खिडकीचं माप घेऊन टाकलं होतं. मापबाईंचे यजमान हयात होते, पण धंद्यात नव्हते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या नळांवर लक्ष ठेवून असत.

पगारी माणूस मापबाईंकडे एकही नाही. सगळं काम कंत्राटावर. कापड कापून द्यायचं, घरोघरी बाया शिवून देणार, फिटिंगवाला शिडी घेऊन जाऊन टांगून येणार. वर्ष सरलं की ज्याला ज्याला पैसे दिले त्याचा एकेक फॉर्म करायचा. त्यात नाव, पत्ता, कर क्रमांक, वर्षभरात दिलेली रक्कम आणि त्यातून कापून भरलेला कर. एक प्रत कर खात्याला, एक त्या माणसाला. बाकीचे धंदेवाले हे कॉम्प्युटरवरून पाठवून मोकळे होतात. मापबाई हातात नेऊन देतात आणि आपल्या प्रतीवर सही घेतात. पहिल्या वर्षी त्यांनी पोस्टाने पाठवले होते. लांब पाकीट आणि त्यावर कर खात्याचा उल्लेख बघून निम्म्या बायांना वाटलं नोटीस आली. त्यांनी अर्धवट शिवलेले पडदे तसेच आणून टेबलावर टाकले होते.

आज सकाळपासून चार-पाच घरं झाली होती. झालरवालीच्या घरी तिच्या नवऱ्याने फॉर्म उभं राहून, बातम्या वाचतात तसा मोठ्याने वाचला, आणि शेवटी "ठीक आहे" असं सरकारच्या वतीने सांगितलं. फिटिंगवाल्याने कागद उलटसुलट करून विचारलं होतं, "ताई, हे आनंदाचं आहे की काळजीचं?"

"दोन्ही. सही कर."

त्याने सही केली होती. आता राहिलं होतं ते निळं दार.

या निळ्या दाराचं थोडं सांगायला हवं. मापबाईंची कामाची पद्धत अशी की काम माणसाला द्यायचं नाही, घराला द्यायचं. टेबलामागच्या भिंतीवर खुंट्या आहेत, एकेका घराची एकेक. खुंटीवर कापलेल्या कापडाचं गाठोडं, गाठोड्यावर चिठ्ठी. त्यावर लिहायचं "जिन्यावरचे", "गॅरेजमागचे", "निळं दार". गाठोडं घराला गेलं की शिवून घरातून परत येणार. आत कुणी शिवलं, आईने, लेकीने की भावजयीने, हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावणं, असं त्यांचं मत. पैसे घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हातात, आणि फॉर्मही तिच्याच नावाने. निळं दार आता मातकट हिरवं झालं होतं, पण खुंटीवरचं नाव बदललं नव्हतं.

फॉर्म भरून देतात ते मापबाईंचे धाकटे दीर. ते हिशेबनीस आहेत. वर्षातून एकदा भावजयीच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग घेऊन बसतात आणि दरवर्षी तेच बोलतात.

"वहिनी, यात माणूस कुठे आहे?"

"दार लिहिलंय ना."

"कर खात्याला दार कळत नाही. त्यांना माणूस लागतो."

"मग दार ठोठावून बघा म्हणावं. माणूसच उघडतो."

दीर कपाळावरून हात फिरवत नि वडीलधाऱ्या बाईचं नाव घालत. वर्षानुवर्षं असं सुखाने चाललं होतं. मग आठवड्यापूर्वी निळ्या दाराची, म्हणजे तिथल्या मावशींची, सून दुकानात आली.

गाठोडं टेबलावर ठेवून ती नेहमीसारखी निघाली नाही. हातातली चिठ्ठी तिने कापडावर ठेवली. तिच्यावर तिचा स्वतःचा कर क्रमांक होता, नवाकोरा.

"ताई, यंदाचा फॉर्म माझ्या नावाने काढाल?"

"का गं?"

"जड कापडाची मशीन घ्यायचीय. बँकेत गेले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, शिवणकामाचा काही पुरावा आणा. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून शिवतेय. त्या म्हणाल्या, कागदावर तुम्ही काहीच करत नाही."

मापबाईंनी चिठ्ठी मोजपट्टीने दाबून ठेवली. पंखा नव्हता, वाराही नव्हता. तरी दाबून ठेवली.

"मावशी काय म्हणतात?"

"आईंना अजून सांगितलं नाही. तुम्हीच सांगा."

"मी? घर तुमचं."

"म्हणूनच. मी सांगितलं तर भांडण होईल. तुम्ही सांगितलं तर नियम होईल."

एवढं बोलून ती गेली. मापबाई बराच वेळ निळ्या दाराच्या खुंटीकडे बघत बसल्या. त्या दारात शिवतं कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मावशींच्या डोळ्यांत पडदा येऊन किती वर्षं झाली होती. त्यांचा टाका कसा असतो आणि सुनेचा कसा, हे मापबाई झोपेतही सांगू शकल्या असत्या. सुनेचा टाका बारीक आणि जरा रागीट. पण फॉर्म मावशींच्या नावाचा, तो मावशींना नेऊन द्यायचा, मावशी तो जपून ठेवणार, हे इतकं बसून गेलं होतं की त्यात बदल करायचा म्हणजे कुणाच्या तरी पुढचं ताट उचलल्यासारखं होतं.

पुलाच्या उतारावर विहीणबाईंनी विचारलं, "त्या पिशवीत अजून दोन पाकिटं दिसतायत. घर तर एकच राहिलं म्हणालात."

मापबाई म्हणाल्या, "एक सासूच्या नावाचं आहे, एक सुनेच्या."

"दोघींना देणार?"

"नाही. एकीलाच देता येतं. भावोजींनी दोन्ही छापून दिलेत. कोणता पाठवायचा ते आज संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले. उद्या मुदत संपते."

"मग ठरवलंय काय तुम्ही?"

"ठरवलं असतं तर दोन आणले असते का?"

विहीणबाईंनी पदराने घाम पुसला. "काम सून करते ना?"

"सूनच करते."

"मग त्यात ठरवायचं काय? देव बघतो हो, विहीणबाई."

"देव बघतो, पण त्याला मावशींसमोर जाऊन बसायचं नाहीये."

विहीणबाई मनातल्या मनात नामस्मरण करत चालू लागल्या. मापबाई मात्र पुढच्या घरांच्या खिडक्यांकडे बघत, कुणाचे पडदे आखूड झालेत ते मोजत चालल्या. काळजी असली की त्यांचं असंच होत असे.

दार उघडं होतं. मावशी खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या, जाड चष्मा लावून, मांडीवर पडद्यांच्या कड्यांचं डबडं घेऊन. आतल्या खोलीत मशीन चालू होती.

"आलीस? यंदा उशीर केलास. मला वाटलं सरकार बंद पडलं."

"सरकार कसलं बंद पडतंय, मावशी. या माझ्या विहीणबाई."

"बसा. म्हणजे तुमची सून हिची लेक?" मावशींनी विहीणबाईंना चष्म्याच्या वरून नीट पाहून घेतलं. "घरात सगळ्याचं माप काढते का?"

"काढते. पण बोलून दाखवत नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"आईपेक्षा बरी मग."

पाणी आलं. ते सुनेने आणलं आणि मापबाईंच्या नजरेला नजर न देता ती परत गेली. आतली मशीन पुन्हा सुरू झाली, पण अडखळत, जरा चालून थांबत. मावशींनी उशाखालून पेन काढलं. ते त्यांनी सकाळपासूनच काढून ठेवलं असणार. मग त्यांनी खाटेशेजारचा खण ओढला. त्यात इतक्या वर्षांचे फॉर्म होते, एकावर एक, इस्त्री केल्यासारखे. यंदाच्या फॉर्मसाठी वरची जागा मोकळी होती.

"आण," मावशी म्हणाल्या.

मापबाईंनी पिशवीत हात घातला. हाताला दोन्ही पाकिटं लागली. त्यांनी हात तसाच ठेवला.

"मावशी, एक नियम आहे."

"कुठला?"

"ज्याने काम केलं, फॉर्म त्याच्याच नावाने निघतो."

"बरं. आधी कुठला होता?"

मापबाईंनी विहिणीकडे पाहिलं. विहीणबाई पाण्याच्या पेल्यात बघत होत्या.

"आधीही हाच होता," मापबाई म्हणाल्या.

"मग बदललं काय?"

"मी आता वाचला."

आतली मशीन पार थांबली. मावशींनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"म्हणजे माझा फॉर्म नाही."

"नाही."

"कर खात्यात काय समजतील? मी गेले?"

"छे हो! कुणी गेलं-बिलं समजत नाही. तुम्हाला यंदा काही मिळालं नाही, एवढंच समजतील."

"म्हणजे तेच झालं," मावशी म्हणाल्या.

गिऱ्हाइकाला दोन बोटं आखूड पडदा कसा खपवायचा हे मापबाईंना पाठ होतं. हे काही पाठ नव्हतं.

मावशींचा आवाज चढला नाही. डबड्यातल्या कड्या त्या एकेक करून खाटेवर मांडत राहिल्या. "दोरे कोण कापतं? मी. कड्या कोण मोजतं? मी. घडी कुणाची असते? हिला घडी घालता येते का, विचार. चादर असल्यासारखी गुंडाळते."

"घडी तुमचीच असते, मावशी. मी ओळखते."

"मग घडीचा फॉर्म काढ."

"घडीचे पैसे वेगळे दिलेच नाहीत हो मी कधी. नुसतं घडी म्हणून निघत नाही."

"बघ. फुकट घालायला नको होती." मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "कान दाराला लावून बसण्यापेक्षा बाहेर ये गं. जागा आहे."

सून बाहेर आली. खांद्यावर दोऱ्याचे तुकडे होते. ती उभीच राहिली.

"मशीन घेणारेस म्हणे."

सुनेने मापबाईंकडे पाहिलं. मापबाईंनी नाही अशी मान हलवली; त्यांनी तर मशीनचं नावही काढलं नव्हतं.

"तिच्याकडे काय बघतेस? बँकेतून फोन आला होता. तू दळण आणायला गेली होतीस. मी उचलला. त्या बाईने मलाच विचारलं, पुरावा मिळाला का. मी म्हटलं, शोधतोय." मावशींनी शेवटची कडी मांडली. "चार दिवस झाले. म्हटलं बघू, मला कोण सांगतंय."

विहीणबाईंनी पेला आवाज न करता खाली ठेवला.

"ठेवणार कुठे ती?" मावशींनी विचारलं.

"खिडकीपाशी. उजेड लागतो, आई."

"खिडकीपाशी माझी खाट आहे."

"खाट भिंतीकडे सरकेल."

"मला विचारलंस?"

"आत्ता विचारतेय."

"आत्ता!" मावशी विहीणबाईंकडे वळल्या. "बघितलंत? फॉर्म गेला, आता खाट. संध्याकाळपर्यंत मी अंगणात."

"आई, असं काय बोलता?"

"मग कसं बोलू? मशीन आल्यावर जड कापड शिवणारेस, ते धरणार कोण? एकटीला पेलणारे का ते? एक टोक माझ्या मांडीवरच येणार. म्हणजे खाट फार लांब नेऊन चालायचं नाही." त्यांनी हाताने हवेतच अंतर दाखवलं. "इथवर. या फरशीच्या रेघेपर्यंत सरकव, पुढे नाही."

मापबाईंनी नकळत पट्टी काढून ते अंतर मोजलं. मशीन बसत होती. त्यांनी तसं सांगितलं. सून दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. मावशी तिला म्हणाल्या, "पुरे. दोरे ओले होतील."

मग मापबाईंनी पिशवीतून सुनेच्या नावाचं पाकीट काढलं आणि तिला दिलं. तिने सही केली. पेन मावशींचंच घेतलं, कारण दुसरं नव्हतं. मावशी ती सही बघत होत्या.

"नाव पूर्ण लिही. नुसतं खरडू नकोस. बँकेत वाचतात."

दुसरं पाकीट मापबाईंनी फाडून टाकावं म्हणून हातात घेतलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "ते काय?"

"तुमच्या नावाचं होतं. आता रद्द."

"म्हणजे तू दोन्ही आणली होतीस." मावशी प्रथमच हसल्या. "भित्री आहेस. पहिल्यापासून भित्री."

"हो."

"तो खोटा कागद मला नको. पण खणात यंदाची जागा रिकामी राहणार, तेही मला चालायचं नाही." मावशींनी खण अर्धा लोटला, पुन्हा ओढला. "तुझं पहिलं गिऱ्हाईक आठवतं? तो दातवाला?"

मापबाईंना न आठवून कसं चालेल? धंद्यातलं पहिलं मोठं काम, दातांच्या दवाखान्याचे पडदे. त्यांनी खिडकीऐवजी काचेचंच माप घेतलं होतं आणि सगळे पडदे वीतभर आखूड कापले होते. रडत रडत त्या या घरात आल्या होत्या, तेव्हा दार खरोखर निळं होतं. मावशींनी उरलेल्या गडद कापडाची पट्टी काढली, प्रत्येक पडद्याला खाली जोडली, आणि स्वतः दवाखान्यात जाऊन दातवाल्याला सांगितलं की सध्या अशीच पद्धत आहे. तो खूश झाला. पुढच्या वर्षी निम्म्या गावाने पट्टीचे पडदे मागितले. आजही दुकानात येणारं गिऱ्हाईक "तो खाली पट्टीवाला" म्हणूनच मागतं.

"ते कुठल्या फॉर्मात आलंय का?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"मग ते लिहून आण. तुझ्या दुकानाचा शिक्का मारून. सरकारी नको. आणि तू लिहू नकोस. तुला लांबी-रुंदीशिवाय काही लिहिता येत नाही."

निघताना सून दारापर्यंत आली. मापबाईंच्या खांद्यावरची पिशवी सरकली होती, ती तिने नीट बसवून दिली.

परतीच्या वाटेवर मापबाईंनी पुलाखाली उभं राहून दिराला फोन लावला. "भावोजी, निळं दार सुनेच्या नावाने पाठवा." पलीकडून ते काहीतरी बोलले. मग मापबाई म्हणाल्या, "हो. माणूस सापडला."

मागच्या वर्षांचंही दुरुस्त करायला लागेल, त्याचे वेगळे फॉर्म असतात, असं भावोजी सांगत होते. मापबाई "बरं" म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकला. चढ सुरू झाला. या वेळी दोघींनाही एकदमच दम लागला आणि दोघींनी तो कबूल केला.

कठड्याला टेकून मापबाई म्हणाल्या, "विहीणबाई, एक काम कराल?"

"बोला की."

"तो मावशींचा कागद तुम्ही लिहा. मुलांच्या लग्नाच्या वेळी नातेवाइकांना पत्रं तुम्हीच लिहिलीत, सगळ्यांना आवडली. अक्षरही चांगलं आहे."

"अहो, पण मी कुठे होते तेव्हा? मला त्यातलं काय ठाऊक?"

"मी सांगते, तुम्ही लिहा. मी काच मोजली होती ते लिहा. रडत आले होते तेही लिहा, माझी हरकत नाही. दातवाल्याला त्या काय म्हणाल्या ते मात्र त्यांनाच विचारून घालू, दर वेळी वेगळं सांगतात." त्यांनी पिशवी खांद्यावर वर ओढली. "आणि एवढं लक्षात ठेवा, त्यात रक्कम कुठे लिहू नका. भावोजींनी वाचलं, तर त्याचाही फॉर्म मागतील."